चाळिशीनंतरची त्वचा: वयाचं किती, उन्हाचं किती?

प्रश्न नाशिकच्याच एका ताईंचा आहे. वय ४३. सिडकोत राहतात, सातपूरला कारखान्याच्या ऑफिसात नोकरी, रोजची ये-जा स्कूटीवर. दोन्ही गालांवर वांग उठलेत, हातांच्या मागच्या बाजूला बारीक काळे डाग आलेत, मान काळवंडलीय आणि जिने चढताना मांड्या भरून येतात. बहीण म्हणते कोलॅजनची पावडर घे, पार्लरवाली गोरं होण्यासाठी ग्लुटाथिओनची सलाइन सुचवते. ‘वय इतक्या लवकर का दिसायला लागलं, आणि ते थांबवता येईल का?’ असं त्यांनी विचारलंय. आई ६८ वर्षांच्या आहेत, हल्ली दोनदा पडल्या, तेही शेवटी लिहिलंय.

ताई, आधी एक करा. खिडकीपाशी चांगल्या उजेडात उभ्या राहा, बाही वर सारा आणि दंडाची आतली, काखेजवळची बाजू नीट बघा. मग त्याच हाताच्या पंज्याची मागची बाजू बघा. आत रंग एकसारखा असेल, हात फिरवला तर मऊ लागेल, चिमटीत धरून सोडलं की कातडी लगेच जागेवर जाईल. पंज्यावर डाग, बारीक आडव्या रेषा, कोरडेपणा, आणि चिमटीनंतर कातडी क्षणभर तशीच उभी राहील. दोन्हीकडचं वय ४३ वर्षंच आहे. दंडाच्या आत दिसतं ते तुमचं वय, आणि पंज्यावर जे जास्तीचं दिसतं त्यातलं बहुतेक उन्हाचं. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पेशंटला मी हे करायला लावतो, कारण पुढचं सगळं यावर ठरतं. वयाचा भाग थांबवता येत नाही. उन्हाचा थांबवता येतो आणि थोडाफार मागेही नेता येतो.

वयाचा भाग पटकन सांगतो. त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन म्हणजे कोलॅजन. ते तरुणपणापासूनच दरवर्षी साधारण १ टक्क्याने कमी होत जातं. पेशी अमर्याद वेळा विभागत नाहीत, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं, आणि गुणसूत्रांच्या टोकांवरचे टेलोमिअर, म्हणजे त्यांच्या संरक्षक टोप्या, कसे टिकतात यावरच्या कामाला २००९ चं नोबेल मिळालं. यातलं काहीही अजून क्रीमच्या डबीत आलेलं नाही, जाहिरात काहीही म्हणो. बायकांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाळी जाण्याचं सरासरी वय आपल्याकडे ४६-४७ आहे, आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत त्वचेतलं जवळजवळ ३० टक्के कोलॅजन कमी होऊ शकतं. हाडंही याच काळात झपाट्याने झिजतात. म्हणजे तुम्ही अगदी योग्य वेळी विचारलंय.

आता ऊन. उन्हातले अतिनील किरण दोन प्रकारचे आपल्यापर्यंत पोचतात. बी प्रकारचे किरण दुपारी सगळ्यात जास्त, त्यांनीच कातडी भाजते आणि लाल होते, आणि साधी काचसुद्धा त्यांना बऱ्यापैकी अडवते. ए प्रकारचे सकाळपासून संध्याकाळपर्यंत असतात, हिवाळ्यातही असतात, ढगातून आणि काचेतून आरपार येतात आणि त्वचेच्या खालच्या थरापर्यंत पोचतात. त्यांनी भाजत नाही, म्हणून कळतही नाही. तिथे गेल्यावर ते कोलॅजन तोडणारे एन्झाइम जागे करतात, आणि त्याच वेळी नवं कोलॅजन बनण्याचं कामही मंदावतं. एका दिवसाचं नुकसान नगण्य. पण रोज थोडं तुटत राहतं आणि दुरुस्ती पुरी पडत नाही.

२०१२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला होता, तो मी पेशंटना आवर्जून दाखवतो. अमेरिकेतला ६९ वर्षांचा माणूस, २८ वर्षं डिलिव्हरी ट्रक चालवलेला. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून खिडकीकडचा डावा गाल जाड, खोल सुरकुत्यांनी भरलेला आणि लोंबलेला, तर उजवा गाल कितीतरी तरुण. आपल्याकडे मुंबई-आग्रा महामार्गावर गाड्या चालवणाऱ्या अनुभवी ड्रायव्हरचे दोन गाल शेजारी ठेवून बघा, फरक उजव्या बाजूला सापडतो. समोरची काच दोन थरांची असते, ती ए किरण बरेचसे अडवते. बाजूची काच अडवत नाही.

आणि आपलं नाशिक. आपण जवळजवळ २० अंश उत्तर अक्षांशावर आहोत, म्हणजे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहोत. हवा थंड, म्हणून उन्हाचा त्रास जाणवत नाही, आणि इथेच फसायला होतं. डिसेंबरात निफाडला पारा किती उतरला याच्या बातम्या येतात, आणि त्याच दिवशी गंगापूर धरणावर अख्खी दुपार उघड्या तोंडाने काढून माणसं वांग गडद करून घेतात. कातडीला तापमान कळतं, किरण कळत नाहीत.

आता तुमच्या चेहऱ्याकडे वळू. आपल्या कातडीत मेलॅनिन भरपूर असतं आणि ते खरोखर संरक्षण देतं. म्हणूनच गोऱ्या युरोपियन माणसाच्या मानाने आपल्याला सुरकुत्या उशिरा पडतात. आपलं वय आधी रंगात दिसतं: वांग, डोळ्यांखालचा आणि ओठांभोवतीचा काळेपणा, हातांवरचे डाग, गालावर-मानेवर उठणारे बारीक काळे मोस. बाजारातली महागडी ‘अँटी-एजिंग’ क्रीम सुरकुत्यांसाठी बनवलेली असतात आणि ती ज्यांना सुरकुत्या नाहीतच अशा बायकांना विकली जातात. तुमचा प्रश्न रंगाचा आहे, तर उपायही रंगाचाच हवा.

वांगाबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. तो फक्त अतिनील किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानेही, विशेषतः त्यातल्या निळ्या भागाने, सावळ्या कातडीवर गडद होतो. नेहमीचं पांढरं सनस्क्रीन हा प्रकाश अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड घातलेलं, कातडीच्या रंगाचं ‘टिंटेड’ सनस्क्रीन लागतं. वर्षानुवर्षं क्रीम लावूनही वांग हटत नाही म्हणणाऱ्या बायकांना एवढा एकच बदल सांगितल्यावर काही महिन्यांत फरक पडलेला मी पाहिलाय. (हॉर्मोन, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या, आनुवंशिकता हीही वांगाची कारणं आहेत. त्यामुळे तो पूर्ण जाईल असं वचन कुणीही दिलं तर विश्वास ठेवू नका. तो ताब्यात ठेवायचा असतो.)

सनस्क्रीन किती लावता, हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर बहुधा ‘थोडंसं’. पाकिटावर लिहिलेला एसपीएफ, म्हणजे मुख्यतः बी किरणांपासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा, हा प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. माणसं त्याच्या निम्म्याहूनही कमी लावतात, मग एसपीएफ ५० घेतलं तरी संरक्षण त्याच्या जवळपासही पोचत नाही. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीइतकी, दोन बोटं भरून क्रीम घ्या. एसपीएफ ३० पुरेसं आहे, नीट लावलं तर ते बी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं. ए किरणांसाठी पाकिटावर ‘पीए’ पुढे तीन किंवा चार अधिकची चिन्हं बघा. घरातून निघण्याच्या १५ मिनिटं आधी लावायचं आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा एकदा. याला आधार आहे: ऑस्ट्रेलियातल्या नंबूर गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ लोकांवर साडेचार वर्षं चाललेली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारपण, मर्जीनुसार लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी भरलं. वय रोखण्याचा दावा करणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही प्रसाधनामागे इतका भक्कम पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

स्कूटीवर तुम्ही स्कार्फ बांधत असणारच, नाशिकच्या बायका या बाबतीत शहाण्या आहेत. घट्ट विणीचं गडद सुती कापड हे कुठल्याही क्रीमपेक्षा भरवशाचं. पण तोंड बांधलेलं आणि हँडलवरचे हात उघडे, ही रोजची गोष्ट आहे, आणि तुमच्या हातांवरचे डाग तिथूनच आले. सनकोट घ्या, आणि त्याची बाही पंज्यावर येत नसेल तर हातमोजे घाला. दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षबागेत छाटणी, विरळणी करणाऱ्या बाया नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवर चढवून काम करतात. त्यांच्या कोपराच्या वरची आणि मनगटाच्या खालची कातडी दोन वेगवेगळ्या बायकांची वाटावी इतकी वेगळी असते. त्यांच्याकडे सनस्क्रीन नव्हतं, शर्टानेच हात वाचवला.

ड जीवनसत्त्वाचं काय, असं लगेच कुणीतरी विचारतं. कोवळ्या उन्हात बी किरण फारच कमी असतात, त्यामुळे सकाळी सातला गच्चीवर फिरून ड जीवनसत्त्व फारसं बनत नाही. तोंड झाकून, पाठ आणि पोटऱ्यांवर अकराच्या सुमाराचं ऊन आठवड्यातून काही वेळा १५-२० मिनिटं घ्या. रक्तात कमी निघालं तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत गोळ्या घ्या. त्यासाठी गाल भाजायची गरज नाही.

इथे जरा थांबून एका गोष्टीबद्दल कळकळीने लिहितो, कारण ती मला रोज दिसते. मेडिकलमधून आणलेली ‘गोरं करणारी’ ट्यूब. आत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोनसारखं स्टेरॉइड असतं. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो, मैत्रिणी विचारतात काय लावलंस, आणि ट्यूब संपली की दुसरी येते. काही महिन्यांनी गाल लाल, कातडी पातळ, केशिका, म्हणजे बारीक रक्तवाहिन्या, दिसायला लागतात, पुरळ उठतं, केस वाढतात. बंद केलं की इतकी आग होते की बाई पुन्हा तीच ट्यूब लावते. २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमं सरकारने चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातलेल्या यादीत टाकली, तरी ती सर्रास मिळतात. चेहऱ्याचं वय दहा वर्षांनी वाढवणारी गोष्ट कुठली असं विचारलंत तर उन्हानंतर मी हिचंच नाव घेईन. तुमच्या कपाटात अशी ट्यूब असेल तर एकदम फेकू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. ती टप्प्याटप्प्यानेच सोडवावी लागते. विनालेबल फेअरनेस क्रीममधला पारा तर मूत्रपिंडापर्यंत जातो, केरळात मलप्पुरम जिल्ह्यात असे रुग्ण सापडलेत.

घरगुती उपायांत बेसन-दही-हळद निरुपद्रवी आहे. लिंबू चेहऱ्याला लावून उन्हात जाणं मात्र निरुपद्रवी नाही. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडी भाजल्यासारखी होते आणि महिनोन्‌महिने डाग राहतो. नायलॉनच्या घासणीने पाठ आणि दंड खरवडून काढणाऱ्यांना तिथेच जाळीदार काळेपणा येतो. आपली कातडी घासल्याने उजळत नाही, काळी पडते.

म्हणूनच मान घासू नका. मानेचा काळेपणा मखमलीसारखा, जरा जाडसर असेल आणि काखेतही असेल, तर तो मळ नाही आणि ऊनही नाही. शरीराचं इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण आहे. कंबर मोजा. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही धोक्याची रेषा आहे. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी करून घ्या, सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी१२. शाकाहारी असाल तर बी१२ नक्कीच. त्याच्या कमतरतेने थकवा, हातापायांना मुंग्या, आणि रंग काळवंडणं हे सगळं ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं जातं.

साखरेचा आणि म्हातारपणाचा संबंध वरवरचा नाही. रक्तातली जास्तीची साखर कोलॅजनला चिकटते आणि त्याचे धागे एकमेकांत अडकून कडक होतात. भाकरी भाजताना तिला तांबूस डाग पडतात तीच ही रासायनिक क्रिया, फक्त शरीराच्या तापमानाला अतिशय सावकाश. त्वचेतलं निम्मं कोलॅजन बदलायलाच सुमारे १५ वर्षं लागतात, त्यामुळे चिकटलेलं सहजासहजी निघून जात नाही. हेच रक्तवाहिन्यांतही घडतं. म्हणून चाळिशीत साखर ताब्यात आणणं हा चेहऱ्याचाही उपाय आहे. तंबाखूचंही तसंच. विडी-सिगारेट कातडीचा रक्तपुरवठा कमी करते आणि कोलॅजन तोडते, आणि घरात सकाळी मशेरी लावणारं कुणी असेल तर तोंडाच्या आतली कातडीही दाखवून घ्या.

आता बहिणीची पावडर. कोलॅजन खाल्लं की पोटात त्याचे तुकडे होतात, इतर प्रथिनांसारखेच. ते तुकडे गालावरच जावेत असा शरीराला आदेश देता येत नाही. काही चाचण्यांत त्वचेचा ओलावा थोडा वाढलेला दिसला, पण कंपन्यांच्या पैशाने झालेल्या चाचण्या बाजूला काढल्या की फायदा उरत नाही. नुकसान नाही, पण त्या पैशात महिन्याचं दूध, डाळ आणि अंडी येतात. ग्लुटाथिओनच्या सलाइनला मात्र स्पष्ट नाही म्हणा. गोरं होण्यासाठी ते शिरेतून द्यायला आपल्याकडे मान्यता नाही, आणि त्याने जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत. पार्लरमध्ये तर शिरेत सुईच नको. आपल्या शहरात हमखास येणारा तिसरा प्रश्न वाइनचा. द्राक्षातल्या रेस्व्हेराट्रॉलने वय थांबतं असं सांगितलं जातं. एक लिटर रेड वाइनमध्ये ते फार तर काही मिलिग्रॅम असतं, प्रयोगांत वापरलेल्या मात्रेपुढे काहीच नाही, आणि अल्कोहोलचा तोटा खात्रीचा. द्राक्षं खा, ती चांगली आहेत.

लावायच्या औषधांत ज्याच्यामागे खरा पुरावा आहे ते ट्रेटिनॉइन, अ जीवनसत्त्वाचंच एक रूप. उन्हाने खराब झालेल्या त्वचेवरचा त्याचा परिणाम १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून पुन्हा पुन्हा सिद्ध झालाय. ते नवं कोलॅजन बनवायला लावतं आणि डागही फिके करतं. पण डॉक्टरांना चेहरा दाखवूनच सुरू करायचं, आणि सावकाश. सगळ्यात सौम्य, ०.०२५ टक्क्यांचं, पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं, रात्री, तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर, आधी आठवड्यातून दोनच रात्री, आणि वर साधं मॉइश्चरायझर. घाईने रोज लावलं की कातडी सोलते, लाल होते, आणि आपल्या रंगाच्या कातडीत प्रत्येक लालीमागे काळा डाग राहतो. फरक दिसायला तीन-चार महिने लागतात. दिवाळीच्या आठवडाभर आधी सुरू करण्याचं हे औषध नाही. गरोदर असताना किंवा दिवस राहण्याचा विचार असेल तर अजिबात नाही.

मांड्या भरून येतात असं लिहिलंत, ते मला वांगापेक्षा महत्त्वाचं वाटलं. स्नायू तिशीनंतर दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के कमी होतात आणि साठीनंतर वेग वाढतो. शरीराचं म्हातारपण खरं इथे मोजता येतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह १७ देशांतल्या सुमारे १,४०,००० लोकांच्या अभ्यासात हाताची पकड दर ५ किलोने कमी असेल तर मृत्यूची जोखीम १६ टक्क्यांनी जास्त आढळली. चालणं चांगलंच, गोदाघाटावर किंवा कॉलनीच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज चालता तर चालत राहा, पण चालण्याने मांड्या आणि पाठ बळकट होत नाहीत. वजन उचलावं लागतं. खुर्चीवरून हात न टेकता उठाबशा, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या दोन बाटल्यांपासून सुरू करून डंबेलपर्यंत, आठवड्यातून तीनदा. शेवटची दोन-तीन वेळा जड जायला हवी, नाहीतर स्नायूला काही कळत नाही.

आणि त्याला प्रथिनं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोला ५० ग्रॅम. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, रात्री खिचडी, यात ते बहुधा भरत नाही. मटकीची उसळ, पिठलं, दही, शेंगदाणे, पनीर, चालत असेल तर अंडी-मासे, असं प्रत्येक जेवणात एक तरी ठळकपणे हवं. झोप सात तासांची. रात्रपाळी करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर तिची कमतरता दिसते, अंबडच्या कंपन्यांत काम करणारे माझे पेशंट हे स्वतःच सांगतात.

आईंबद्दल. दोनदा पडल्या म्हणजे आता वाट बघू नका. डोळे, रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्रा, ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी या महिन्यात करून घ्या. न्हाणीघरात धरायला दांडी बसवा, रात्री संडासच्या वाटेवर दिवा ठेवा. वय झालं आता काय व्यायाम, असं म्हणतील. १९९० मध्ये अमेरिकेत नव्वदीतल्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं, तर ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, आणि काहींची काठी सुटली. आईंना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू करू द्या. त्यांची कातडी हिवाळ्यात खाजत असेल तर पाणी कोमट, साबण फक्त काखा-जांघांना, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर. एखादा तीळ किंवा डाग अचानक वाढत असेल, रंग बदलत असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा जखम महिनाभरात भरत नसेल, तर त्यावर काहीही न लावता सरळ दाखवायला या.